दहानंतर बारा

१

फाईलमध्ये दहावं पान होतं, बारावं होतं, अकरावं नव्हतं. दोन्हींच्या मध्ये नाडीवर अडकून राहिलेला नखाएवढा कागदाचा कपटा तेवढा होता.

"बघा आता," म्हणत अध्यक्षबाईंनी फाईल माझ्याकडे सरकवली.

आमचं रेफरी संघटनेचं ऑफिस स्टेडियमच्या पश्चिम स्टँडखाली आहे. छत पायऱ्यापायऱ्यांचं. उंच माणसाला मागच्या भिंतीपाशी वाकून बसावं लागतं. मी तसाच वाकून बसलो होतो. गुरुवारची सकाळ होती आणि रविवारी चषकाचा अंतिम सामना. लाल विरुद्ध हिरवे.

फाईलवर एक टाइप केलेलं पत्र होतं. खाली सही नव्हती.

'अंतिम सामन्यासाठी नेमलेल्या रेफरीचा सख्खा भाऊ निळ्या क्लबात सहायक गोलरक्षक प्रशिक्षक आहे. ही गोष्ट तिने संघटनेपासून लपवून ठेवली आहे. आपला, एक हितचिंतक.'

आमचा नियम साधा आहे. जवळचं माणूस एखाद्या क्लबात लागलं, की रेफरीने आठवड्याच्या आत तसं लिहून द्यायचं. मग त्या क्लबाच्या सामन्यांना त्याला पाठवत नाहीत, बात खतम. लिहून दिलं तर कुणी वाकड्या नजरेने बघत नाही. लपवलं तर दोन वर्षं घरी. छत्तिसाव्या वर्षी दोन वर्षं घरी बसलेला रेफरी परत पळत नाही.

जिच्याबद्दल पत्र होतं तिला खेळाडू 'काटा' म्हणतात. काटेकोर, म्हणून काटा. हंगामभराच्या गुणांत ती यंदा सगळ्यांच्या वर होती. बाईमाणूस यादीत पहिली येण्याची ही पहिलीच वेळ.

"बाई, आधी माझं लिहून घ्या," मी म्हटलं. "हिच्या हातात पहिली शिट्टी मी दिलीय. मला ती लेकीसारखी आहे. चौकशी दुसऱ्या कुणाला द्या."

मी तीस वर्षं लाइन्समन होतो. मधला रेफरी कधीच झालो नाही. झेंडा घेऊन कडेकडेने पळायचं आणि कोण पाऊलभर पुढे गेलंय ते बघायचं, एवढंच केलं. म्हणून सगळे मला झेंडेकाका म्हणतात. निवृत्त झाल्यावर संघटनेच्या चौकशा माझ्या गळ्यात पडल्या.

"ते मला माहीत आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "म्हणून तर तुमच्याबरोबर दुसरा माणूस देतेय."

दार उघडून इस्त्री आत आला. गुणांच्या यादीत तो दुसरा. कपड्यांची घडी कधी मोडत नाही म्हणून इस्त्री. काटा गेली तर रविवारचा सामना त्याचा होता.

"तुमचा कल तिच्याकडे, या माणसाचा फायदा ती जाण्यात," बाई म्हणाल्या. "दोघांना एकत्र जुंपलं की बरोबर मधे याल. उद्या पाचपर्यंत वेळ आहे. तोवर पान मिळालं नाही, तर मला तिला वाचवता येणार नाही."

२

काटा सरावाच्या मैदानात पळत होती. आम्हाला बघून थांबली नाही. ठरलेल्या फेऱ्या पुऱ्या केल्या, मगच आली.

"काका, तुम्ही मला विचारायला आलात?"

"हो. तुलाच नाही विचारलं तर चौकशी कसली?"

ती गवतावर बसली आणि इस्त्रीकडे पाहून हसली. "आणि हा का? माझ्या जागेचं माप घ्यायला?"

इस्त्रीचे कान लाल झाले. 

"अठराव्या फेरीनंतरच्या बुधवारी दुपारी पान दिलं," ती सांगू लागली. "स्वतः जाऊन. घडी घालून, पिन मारून दप्तरताईंच्या हातात. 'माझा धाकटा भाऊ या महिन्यापासून निळ्या क्लबात सहायक गोलरक्षक प्रशिक्षक म्हणून लागला आहे.' एवढंच होतं. खाली सही."

"त्याची प्रत?"

"नाही ठेवली."

"का गं?"

"संघटनेला दिलेल्या कागदाची प्रत घरी कशाला ठेवायची? पावती घ्यायला मी काय दुकानात गेले होते?"

हा तिचा ताठा मला ठाऊक होता. त्याने तिचं नुकसान व्हायचं, आणि तिला बघून माझी छाती फुगायची ती त्यामुळेच.

"भावाशी बोलतेस?"

"घरी भेटतो. खेळाचं बोलायचं नाही, असं त्याच दिवशी ठरवलं. तेव्हापासून निळ्यांच्या मैदानात मी पाऊल टाकलेलं नाही. त्याची नोकरी कशी चाललीय ते आईकडून कळतं. आई सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटलीय, पोरगा प्रशिक्षक झाला म्हणून." ती उठली. "पान मिळो न मिळो, मी स्वतःहून बाजूला होणार नाही. जे केलं नाही ते अंगाला लावून घेऊ? काढायचं तर त्यांनी काढावं, आणि का काढलं ते माझ्या तोंडावर सांगावं."

परत निघताना इस्त्री पहिल्यांदा बोलला. "काका, ही खोटं बोलत नाही."

"तुला काय माहीत?"

"बारा वर्षं तिच्याशी स्पर्धा करतोय. ज्याच्याशी स्पर्धा करतो त्याला आपण घरच्यांपेक्षा जास्त ओळखतो."

३

दप्तरताई बावीस वर्षं रेफरींच्या फाईली सांभाळतात. अकरावं पान मुळात नसेलच, आकडा टाकताना चूक झाली असेल, असं नेमणूक बघणारे साहेब म्हणत होते. ते मी ताईंना सांगितलं मात्र, ताईंनी हातातला पंच टेबलावर आपटला.

"दहानंतर अकरा येतात हे मला कळत नाही? कागद आला की मी भोकं पाडते, आकडा टाकते, नाडीत ओवते. पिन मारलेला कागद वाचत नाही, कारण तो माझ्यासाठी नसतो. पण अकरा घातलं होतं. हा कपटा बघा. घाईत ओढलंय कुणीतरी. मी काढलं असतं तर नाडी सोडून काढलं असतं. कागद फाडायचा हात नाही माझा."

कपाटाच्या किल्ल्या दोनच. एक ताईंकडे, एक साहेबांकडे. मात्र मंगळवारी कपाट दिवसभर उघडं होतं. हंगाम संपला की रेफरी येऊन आपापले गुण बघतात, आणि त्याच दिवशी पुढच्या हंगामाच्या जर्सींचे नमुने घेऊन क्लबांची माणसं येतात. ताईंनी नोंदवही काढली. त्यांचं अक्षर मोत्यासारखं. मी ओळीवरून बोट फिरवत गेलो आणि एका ओळीवर थबकलो.

'निळा क्लब. किटवाला. नमुने तीन.' पुढे सही. आडनाव काटाचंच.

"हा कोण?"

"किटवाला हो. जर्सी, बूट सांभाळतो ना, तो. गोड मुलगा आहे. चेंडूंच्या पिशव्यासुद्धा वर आणून दिल्या मला."

काटाचा भाऊ त्या खोलीत येऊन गेला होता! माझ्या डोक्यात चक्रं फिरायला लागली, तोच ताई आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि काका, मी चहाला गेले तेव्हा या खोलीत अर्धा तास एकटं कोण बसलं होतं, ते या साहेबांनाच विचारा."

त्या इस्त्रीकडे बघत होत्या.

४

"सकाळपासून माझ्याबरोबर हिंडतोयस," जिन्यात मी त्याला थांबवलं, "आणि हे सांगावंसं वाटलं नाही?"

इस्त्री भिंतीला टेकला. शर्टाला चुना लागला तरी हलला नाही.

"लाज वाटली. तिच्यापेक्षा किती गुणांनी मागे पडलो ते बघत होतो. दशांश दोन. अर्धा तास हंगामभराचे आकडे परत परत मिळवले. कुठेतरी बेरीज चुकली असेल असं वाटलं." त्याने मान खाली घातली. "चुकली नव्हती. तिची फाईल मात्र मी उघडली नाही, काका."

मी विश्वास ठेवला असं म्हणणार नाही. टाकून दिला असंही नाही. आम्ही तसेच निळ्यांच्या मैदानावर गेलो.

किटची खोली तळघरात. दोन मोठी धुलाई यंत्रं घुमत होती, दोरीवर मोजे ओळीने टांगलेले, बूट नंबराप्रमाणे लावलेले. मधे काटाचा भाऊ एका जर्सीवरचा आकडा गरम इस्त्रीने चिकटवत होता. मला बघून त्याने इस्त्री बाजूला ठेवली. माझ्या सोबत्याला पाहून सवयीने म्हणाला, "साहेब, आज काय रंग बघायचा?"

"तुम्ही ओळखता एकमेकांना?" मी विचारलं.

"यंदा निळ्यांच्या चार मॅच केल्या मी," इस्त्री म्हणाला. "दर वेळी जर्सीचे रंग हाच दाखवतो. हा तिचा भाऊ आहे, हे आज कळतंय."

मी भावाला पत्र दाखवलं. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला. तो बुटांच्या पेटीवर बसला.

"प्रशिक्षक नाहीये मी, काका. कधीच नव्हतो. मुलाखत त्या जागेची दिली. ती जागा दुसऱ्याला मिळाली. म्हणाले, किटचं काम बघशील का? मी हो म्हटलं. पण घरी पाय ठेवला तर आईने शेजारपाजारच्यांना बोलावून ठेवलेलं. तोंडातून निघालं नाही. ताईलाही तेच सांगितलं. तिने तेच लिहून दिलं."

"इथे कुणाला असं सांगितलंस? मित्रांना वगैरे?"

"इथे? इथे तर सगळे मला मोजे मागतात! प्रशिक्षक म्हटलं असतं तर हसून लोळले असते."

"आणि मंगळवारी, ते पान काढून टाकावं असं मनात नाही आलं? तुझं खोटं त्या पानावर होतं."

तो उभा राहिला. "ताईच्या फाईलला मी हात लावीन? माझ्या एका वाक्यापायी तिची शिट्टी जातेय, काका. चला, आत्ता येतो. जिथे सांगाल तिथे सही करतो, मी खोटारडा आहे म्हणून."

इस्त्री एकदम माझ्या दंडाला धरून मला बाहेर घेऊन आला.

"काका, पत्र पुन्हा वाचा."

मी वाचलं. 'सहायक गोलरक्षक प्रशिक्षक.' आणि झेंडा उचलायच्या क्षणी व्हायचं तसं हातात काहीतरी सळसळलं.

५

त्या पदावरचा हा भाऊ जगात कुठेच नव्हता. क्लबाच्या यादीत नव्हता, या तळघरात नव्हता. तो होता फक्त एका आईच्या बोलण्यात आणि अकराव्या पानावर. काटाने काहीच कळवलं नाही असं सांगणारा माणूस, तिने जे कळवलं तेच शब्दाला शब्द उतरवून मोकळा झाला होता!

"आईने नातेवाइकांना सांगितलंय म्हणे," मी शंका काढली.

"नातेवाईक पत्र लिहील. पान कसं काढील?"

खरं होतं. बाकीचे ताईंच्या डोळ्यांदेखत आले-गेले. कपाटापाशी एकट्याने पोचू शकणारे चौघं. भाऊ स्वतः काय काम करतो हे भावाला ठाऊक. दप्तरताईंनी आपल्या हाताने नोंदवहीत 'किटवाला' लिहिलेलं. आणि इस्त्रीने त्याला चार वेळा जर्सी दाखवताना पाहिलेलं. "तक्रार करणारा खोटं पद कशाला लिहील?" इस्त्री म्हणाला. "पहिल्याच चौकशीत तोंडावर पडेल. हे ज्याने लिहिलं त्याला ते खरंच वाटत होतं. त्याने मुलाला कधी पाहिलेलं नाही. फक्त पान वाचलंय."

उरले साहेब.

पण उरले म्हणून कुणाला धरता येत नाही. ऑफसाइड द्यायचं तर रेषा दिसायला हवी. शुक्रवारी सकाळी आम्ही साहेबांच्या खोलीत गेलो. भिंतीभर तक्ता. चौतीस फेऱ्या, प्रत्येक सामन्यापुढे रेफरीच्या नावाची पट्टी. ही कला त्यांचीच. अठ्ठावीस वर्षं कोणत्या सामन्याला कोण, हे त्यांनी ठरवलं. फक्त अंतिम सामना गुणांवर ठरतो. तिथे त्यांचा हात पोचत नाही.

त्यांनी आम्हाला पाणी दिलं. आपुलकीने चौकशी केली.

"वाईट वाटतं हो. गुणी मुलगी. पण भावाबद्दलचा कागद मी कधी पाहिला नाही. ती तसं लिहून देते तर मला कळलं नसतं का?"

मी तक्त्यापाशी जाऊन काटाच्या पट्ट्या मोजायला लागलो. पहिल्या अठरा फेऱ्यांत निळ्यांचे पाच सामने तिच्याकडे. नंतरच्या सोळा फेऱ्यांत एकही नाही.

"साहेब, यादीतल्या पहिल्या सहा रेफरींपैकी हिच्याशिवाय प्रत्येकाने त्या सोळा फेऱ्यांत निळ्यांचे किमान दोन सामने केले. हिच्याकडे एकही कसा नाही?"

"योगायोग." ते हसले. "इतक्या पट्ट्या लावतो, होतं असं."

माझ्याजवळ पुढे काही नव्हतं. तेवढ्यात इस्त्री तक्त्यावरच्या एकोणिसाव्या फेरीवर बोट ठेवून उभा राहिला.

"हा सामना आधी तिचा होता," तो सावकाश म्हणाला. "बुधवारी सकाळी यादी लागली, तेव्हा निळ्यांच्या सामन्याला ती होती, मी दुसरीकडे. गुरुवारी तुमचा मला फोन आला. 'तुमची अदलाबदल करतोय, तिची तिकडे अडचण आहे.' मला वाटलं, पाय दुखावला असेल. पण तिने त्या रविवारी माझा सामना केला की. पूर्ण नव्वद मिनिटं." तो वळला. "बुधवारी दुपारी तिने पान दिलं. गुरुवारी तुम्ही मला फोन केलात. साहेब, तिची अडचण कसली होती?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि घालायचा विसरले.  मग त्यांनी खालचा खण उघडला आणि घडीचं एक पान टेबलावर ठेवलं. वरचा कोपरा फाटलेला.

"टाकून द्यायला हवं होतं," ते म्हणाले. "नाही टाकवलं. अठ्ठावीस वर्षांत संघटनेचा कागद कधी टाकला नाही मी."

"पण का?"

"लाल क्लबाच्या कार्यकारिणीत माझे व्याही आहेत."

हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी स्वतःचं पान कधी भरलंच नव्हतं.

"गेल्या वर्षी शेवटच्या मिनिटाला तिने लालवर पेनल्टी दिली. तेव्हापासून घरी आले की एकच. कुणीही चालेल, ती नको. लेकीचं सासर, किती वेळा नाही म्हणू? म्हटलं, एवढा एक सामना..."

"कुणीही चालेल," इस्त्रीने ते शब्द परत म्हटले.  "म्हणजे मी चाललो असतो?"

"अरे, तुझ्याबद्दल तसं नाही..."

"मग कसं, ते सांगा! बारा वर्षांत मी अशी कुठली शिट्टी मारली, की ती नको आणि मी चालेन असं त्यांना वाटावं?"

 इस्त्रीच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. काटाचं पान हाती आलं याचा मला आनंद होताच, पण त्या क्षणी मला त्याचाही तितकाच अभिमान वाटला.

६

पाचला सगळे अध्यक्षबाईंच्या खोलीत जमले. साहेबांचा राजीनामा टेबलावर होता, शेजारी अकरावं पान. बाईंनी काटासमोर उभं राहून माफी मागितली, बसल्या जागेवरून नाही.

"रविवारी सामना तुझा," त्या म्हणाल्या.

काटाने पान उचललं. भावाने सगळं तिला दुपारीच सांगितलं होतं. तिने पेन मागितलं, 'सहायक गोलरक्षक प्रशिक्षक' वर रेघ मारली, वर 'किट विभाग' लिहिलं, सही केली, तारीख घातली. मग म्हणाली, "बाई, लीगचा शेवटचा तक्ता बघू."

बाईंनी दिला.

"वरचे चार संघ परदेशातल्या स्पर्धेला जातात. लाल दुसरे आहेत, म्हणजे ते गेलेच. पाचवी जागा चषक जिंकेल त्याची. हिरवे जिंकले तर हिरवे जातील. पण लाल जिंकले, तर ती जागा लीगमधल्या पाचव्याला मिळते." तिने बोट ठेवलं. "पाचवे निळे. गेल्या रविवारी झाले."

 हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. साहेबांच्याही नाही. लालच्या भल्यासाठी म्हणून त्यांनी नेमकी तीच रेफरी हटवायला घेतली होती, जिच्या भावाचं भलं लालच्या जिंकण्यात होतं.

"सोमवारी नेमणूक झाली तेव्हाच बोलायला हवं होतं," ती म्हणाली. "आनंदात तक्ता बघितलाच नाही. काल रात्री बघितला. पण काल बाजूला झाले असते तर लपवलं होतं म्हणूनच झाले, असं ठरलं असतं. आधी पान सापडायला हवं होतं."

"पोरी," मी न राहवून म्हटलं, "कुणी विचारलंसुद्धा नसतं तुला."

"काका, लाल एका गोलने जिंकले आणि तो गोल ऑफसाइडच्या कडेवरचा असला, तर? मी बरोबरच देईन. पण आयुष्यभर स्वतःलाच विचारत बसेन ना, बरोबर दिला का म्हणून." तिने गळ्यातली शिट्टी काढली नाही, फक्त मुठीत धरली. इस्त्रीकडे वळली. "दशांश दोनने मागे आहेस. लाजवू नकोस."

"तुझ्याकडून घेतलेली मॅच नको मला," तो म्हणाला.

"घेतलेली नाही. नियमाने आलीय. नियमाने आलेली नाकारायची नसते."

त्याने मान हलवली. 

रविवारी दुपारी मी पूर्व स्टँडमध्ये तिच्या घरच्यांबरोबर बसलो. पंधराव्या रांगेत धाकटा, मी, मग काटा आणि टोकाला आई. आईला धाकट्याने शुक्रवारी संध्याकाळी खरं काय ते सांगितलं होतं. आई रात्रभर बोलली नव्हती म्हणे. शनिवारी सकाळी उठून तिनेच विचारलं, तुझी ती खोली बघायला मिळेल का? मोजे, बूट, सगळं बघून आली. घरचं कपाटही इतकं नीट कधी लावलं नाहीस, म्हणाली.

इस्त्रीने सामना देखणा केला. शहात्तराव्या मिनिटाला लालचा गोल झाला आणि त्याने तो नाकारला. पूर्व स्टँड उठून बोंबलायला लागला. काटा उभी राहिली, मैदानाकडे एकटक पाहिलं आणि परत बसली.

"पाऊलभर पुढे होता," ती मला म्हणाली. "मीही नसता दिला."

आईच्या पलीकडे लालचा स्कार्फ घातलेला एक दांडगा माणूस रेफरीच्या नावाने शंख करत होता. आईने त्याच्या गुडघ्यावर थाप मारली.

"अहो, तो बरोबर आहे. माझी मुलगी सांगतेय."

"तुमच्या मुलीला काय कळतं यातलं?"

"आजचा सामना तिचाच होता," आई म्हणाली, मागच्या दोन रांगांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "तिने सोडला. आणि हा माझा मुलगा. निळ्यांच्या जर्सी सांभाळतो. त्याच्यासाठीच सोडला."

माणूस गोंधळून चौघांकडे बघत राहिला. त्याने काटाला ओळखलं. गेल्या वर्षीची पेनल्टी त्यालाही आठवली असावी. तो स्कार्फ सावरत खाली बसला.

"खरंच पुढे होता का हो?" त्याने हळूच विचारलं.

"पाऊलभर," काटा म्हणाली, आणि त्याला बोटाने मैदानावरची जागा दाखवू लागली.